परराष्ट्र धोरणात तत्त्वं हवीत, मान्य. पण बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

हिशेबनीस (धागाकर्ता)

दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि डोकं चक्रावलं. दोन्ही प्यू रिसर्च सेंटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या अमेरिकेतल्या पाहण्यांमधले आहेत. २०२० मध्ये विचारलं होतं, की आर्थिक संबंध बिघडले तरी चालतील, पण चीनमधल्या मानवी हक्कांचा आग्रह धरावा का? ७३ टक्के लोक म्हणाले, धरावा. मग २०२१ च्या सुरुवातीला परराष्ट्र धोरणाच्या उद्दिष्टांची लांबलचक यादी समोर ठेवली आणि यातलं सर्वोच्च प्राधान्य कशाला, असं विचारलं. आपल्या कामगारांच्या नोकऱ्या वाचवणं याला ७५ टक्के. इतर देशांत लोकशाही रुजवणं याला २०. म्हणजे यादीच्या पार तळाला.

असे आकडे दिसले की दोन ठरलेली वाक्यं कानावर येतात. 'लोक ढोंगी असतात' हे एक, आणि 'लोकांना परराष्ट्र धोरणातलं काय कळतं' हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. लोक व्यवस्थित उत्तर देतात, प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. 'आर्थिक संबंध बिघडले तरी' याचा अर्थ काय? कुणाचे बिघडले? किती? किती वर्षं? माझी नोकरी जाणार की दूरच्या कुठल्या कंपनीचा नफा घटणार? हे न सांगता कुणी विचारलं तर मीही छाती पुढे काढून 'तत्त्व' म्हणेन. फुकटात मिळतंय तर का नाही.

बायडन यांचं बघा. नोव्हेंबर २०१९ च्या उमेदवारांच्या वादसभेत सौदी पत्रकार खशोगी यांच्या हत्येवरून ते म्हणाले होते, की सौदी अरेबियाला वाळीत टाकू. तेव्हा टाळ्या पडल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेत पेट्रोलची सरासरी किंमत गॅलनला पाच डॉलरच्या वर गेली आणि जुलैमध्ये हेच गृहस्थ जेद्दामध्ये सौदी युवराजांच्या मुठीला मूठ लावताना जगाने पाहिले. आता यात बदललं कोण? नेता की मतदार? माझ्या मते दोघंही जिथे होते तिथेच होते. मधल्या काळात फक्त बिल आलं.

तर मुद्दा असा. लोकशाही मूल्यं आणि आर्थिक हित यांतलं 'काय निवडावं' यापेक्षा 'निवडीचा खर्च कुणाच्या खिशातून' यावर लोकमत हलतं, असा माझा दावा आहे. खोडून काढा.

शंकासुर

खोडायला कशाला हवं, तुमच्याच बाजूने आणखी एक मासला देतो. पण निष्कर्ष मात्र उलटा काढणार आहे.

ऑगस्ट २०१८. कॅनडाच्या परराष्ट्र खात्याने सौदीतल्या महिला हक्क कार्यकर्त्यांना सोडा, असं ट्वीट केलं. सौदीने कॅनडाच्या राजदूताला हाकललं, नवीन व्यापार गोठवला, तिथे शिकणाऱ्या आपल्या हजारो विद्यार्थ्यांना परत बोलावलं, टोरंटोची विमानं बंद केली. केवढा गहजब! या सगळ्यात एक गोष्ट मात्र शांतपणे चालू राहिली. कॅनडाच्याच ओंटारियो प्रांतातल्या लंडन शहरात सौदीसाठी चिलखती वाहनं बनत होती, २०१४ चा सुमारे १५ अब्ज कॅनडियन डॉलरचा करार होता. तो ना सौदीने मोडला, ना कॅनडाने. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो म्हणाले की मोडला तर अब्जभर डॉलरचा दंड बसेल.

म्हणजे ट्वीट तत्त्वासाठी आणि गाड्या पोटासाठी. हिशेबनीस साहेब, याला तुम्ही 'अर्धा प्रश्न' म्हणता, मी सरळ ढोंगच म्हणतो. आणि लोकांनाही ते हवंच असतं. सरकारने मोठ्याने निषेध करावा म्हणजे आपल्याला रात्री नीट झोप लागते, आणि कारखाना चालू ठेवावा म्हणजे सकाळी कामावर जाता येतं.

बोलघेवडा

+१ शंकासुर. शेवटचं वाक्य एक नंबर.

निळी_शाई

हिशेबनीस, तुमच्या दोन आकड्यांची तुलनाच चुकलीय. 'मानवी हक्कांचा आग्रह' आणि 'लोकशाहीचा प्रसार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या अमेरिकी माणसाला 'लोकशाहीचा प्रसार' म्हटल्यावर इराक आणि अफगाणिस्तान आठवतात. शवपेट्या आठवतात. 'मानवी हक्क' म्हटल्यावर तुरुंगातला एक माणूस डोळ्यासमोर येतो. पहिल्याला २० आणि दुसऱ्याला ७३ टक्के मिळाले यात मला काहीच विसंगती दिसत नाही, उलट शहाणपण दिसतं. शिवाय एका पाहणीत दोन पर्यायांतून निवड होती, दुसरीत लांब यादीतून प्राधान्य. तराजू वेगळे, वजनं वेगळी.

आणि शंकासुर, लोकांना ढोंग हवंच असतं हे सरसकट विधान झालं. एक गोष्ट सांगते.

जुलै १९८४, डब्लिन. डन्स स्टोअर्स नावाच्या मोठ्या दुकानात २१ वर्षांची एक मुलगी गल्ल्यावर बसलेली. गिऱ्हाईक दोन ग्रेपफ्रूट घेऊन आलं. फळं दक्षिण आफ्रिकेची. कामगार संघटनेचा ठराव होता की वर्णद्वेषी राजवटीच्या मालाला हात लावायचा नाही. तिने नम्रपणे सांगितलं, मी हे बिल करणार नाही. तिला तिथल्या तिथे निलंबित केलं. तिच्यासोबत तिचे मूठभर सहकारी बाहेर पडले. त्या मुलामुलींना सुरुवातीला वर्णद्वेषाबद्दल फारशी माहितीही नव्हती, संघटनेचा आदेश म्हणून उभे राहिले आणि मग फुटपाथवरच शिकत गेले. संप पावणेतीन वर्षं चालला. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांची आयात बंद केली.

इथे बिल कुणाच्या खिशातून गेलं? त्यांच्याच. पगार त्यांचा बुडाला. म्हणजे लोक किंमत मोजतच नाहीत असं नाही. फक्त असे लोक कमी असतात आणि पाहणीत त्यांचं मत एकच मोजलं जातं.

हिशेबनीस

@निळी_शाई, तुलनेबद्दलचा आक्षेप मान्य. दोन प्रश्न एका मापाचे नव्हते, मी ते एका ओळीत बसवले ही चूक. दावा मात्र सोडत नाही, कारण डब्लिनची गोष्टही खर्चाचीच आहे. तिथे सरकारला आयातबंदी परवडली. दोन ग्रेपफ्रूट आणि इंधन यांत फरक आहे की नाही?

जुनंखोड

सगळी उदाहरणं गोऱ्यांची चाललीत म्हणून आपलं घर काढतो.

दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश कोणता? भारत. साल १९४६. अजून स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं. अमेरिकेच्या काँग्रेसने रेगनचा नकाराधिकार मोडून निर्बंध लादले ते १९८६ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. आपण ती बंदी १९९३ पर्यंत पाळली. गरीब देश होतो, निर्यात मोजकी, तरी पाळली. आता यात थोडं मीठ घालतो. सुरुवातीचं तात्कालिक कारण तिथल्या भारतीयांवरचे जाचक कायदे हे होतं. म्हणजे 'विश्वाची लोकशाही' वगैरे नंतर आलं, आधी आपली माणसं. त्यात कमीपणा काही नाही, पण सांगायला हवं.

दहा वर्षांनी, १९५६. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये. आपण आधीच्या ठरावावर तटस्थ राहिलो आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या, या ठरावाच्या चक्क विरोधात मत दिलं. इजिप्तच्या सुएझ कालव्यावरच्या हल्ल्याबद्दल मात्र इंग्रज-फ्रेंचांना खणखणीत सुनावलं होतं, त्याच आठवड्यांत. जयप्रकाश नारायणांनी नेहरूंवर जाहीर टीका केली. म्हणजे 'दुटप्पीपणा' हा शब्द आपल्याला कुणी पाश्चात्त्यांनी शिकवायची गरज नाही, तो आपल्याकडे तेव्हाच वापरून झालाय.

मग म्यानमार. १९८८ च्या उठावात आपण उघडपणे लोकशाहीवाद्यांच्या बाजूने होतो. तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना १९९३ चा नेहरू पुरस्कार. आणि त्याच दशकात आपण लष्करी राजवटीशी सीमाव्यापाराचा करारही केला. कारणं? ईशान्येतले बंडखोर, १,६४३ किलोमीटरची सीमा आणि चीन तिथे पाय पसरतोय ही धास्ती. २०१० मध्ये ओबामा आपल्याच संसदेत उभे राहून म्हणाले की भारत अशा प्रश्नांवर बोलायचं टाळतो. टाळ्यांच्या मध्येच ते वाक्य टोचलं होतं.

गंमत बघा, हित साधलं का? म्यानमारच्या श्वे गॅसक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा हिस्सा होता. गॅस गेला चीनला, २०१३ पासून पाइपलाइनने. तत्त्व गेलं ते गेलं, गॅसही शेजाऱ्याकडे.

शंकासुर

जुनंखोड, मग तुमचं म्हणणं काय? तत्त्व धरून बसायला हवं होतं?

जुनंखोड

म्हणणं इतकंच की 'हित' हा शब्द आपण फार खात्रीने वापरतो. तत्त्व सोडलं की हित आपोआप पदरात पडतं असं समजतो. पडतंच असं नाही.

काठावरचा

मी बराच वेळ वाचतोय. सगळे पाहण्यांबद्दल बोलताहेत, पण जिथे लोकांना खरोखर मत द्यायला लावलं तिथलं बघा ना. स्वित्झर्लंड.

२९ नोव्हेंबर २०२०. प्रस्ताव असा, की स्विस कंपन्यांनी परदेशात मानवी हक्कांचं किंवा पर्यावरणाचं नुकसान केलं तर त्यांना स्वित्झर्लंडच्या कोर्टात जबाबदार धरता यावं. तिथे बड्या खाणकंपन्या, वस्तूंचे दलाल, औषधकंपन्या यांची मुख्यालयं आहेत, म्हणजे घरच्या कोंबडीवरच सुरी. लोकांनी काय केलं? ५०.७ टक्के 'हो'. तरीही प्रस्ताव पडला, कारण घटनादुरुस्तीला बहुसंख्य कँटनांचंही (म्हणजे तिथल्या राज्यांचंही) बहुमत लागतं आणि ते मिळालं नाही.

मग ७ मार्च २०२१. इंडोनेशियाशी मुक्त व्यापार करार. विरोधकांचा मुद्दा पामतेलाचा, जंगलतोडीचा. ५१.६ टक्के 'हो', करार पास. पण त्या करारात एक अट होती: पामतेलाला सवलत हवी तर ते शाश्वत असल्याचं प्रमाणपत्र दाखवा. बऱ्याच लोकांना ती अट पुरेशी वाटली असावी.

चार महिन्यांत दोन मतदानं, दोन्ही जवळपास अर्धी-अर्धी. मला यात लोक गोंधळलेले दिसत नाहीत. समाजच खरोखर मधोमध कापलेला आहे, आणि कराराच्या मसुद्यातल्या एका अटीने काही टक्के इकडचे तिकडे होतात. 'तत्त्व की व्यापार' हा प्रश्नच त्या मतपत्रिकेवर नव्हता, 'कोणत्या अटीवर व्यापार' हा होता. आपण इथे जो वाद घालतोय तो मतपत्रिकेवर येतच नाही कधी.

निळी_शाई

@काठावरचा, हे फार आवडलं.

टाकाधागा

मी तयार कपड्यांच्या निर्यातीत आहे, त्यामुळे 'अट' कशी असते ते रोज बघतो.

अमेरिकेचा उइगर सक्तमजुरी प्रतिबंधक कायदा जून २०२२ पासून लागू झाला. त्याची गंमत म्हणजे पुरावा सरकारने द्यायचा नाही, तुम्ही द्यायचा. चीनमधल्या शिनजियांगचा, म्हणजे उइगर मुस्लिमांच्या प्रांताचा, एक धागा जरी मालात असला तर तो सक्तमजुरीचाच असं गृहीत धरलं जातं. जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून येतो, म्हणजे 'आमचा नाही' हे सिद्ध करणं आलं.

आमच्या एका मालाच्या वेळी खरेदीदाराने कागद मागितले. कापड गिरणीचं चलन होतं. सूत कुठल्या गिरणीचं? तेही मिळालं. त्या सुताच्या गाठी कुठल्या जिनिंगच्या? इथे गाडी अडली. सूतगिरणी चार ठिकाणच्या गाठी एकत्र मिसळते, सगळेच मिसळतात, त्याशिवाय सुताचा दर्जा एकसारखा येत नाही. तीन आठवडे मी आणि हिशेब विभागातली एक मुलगी लॉट नंबर जुळवत बसलो होतो. एका गाठीच्या पावतीवर नंबरातला ३ आहे की ८ हे भिंगातून बघितलंय मी. माल तोपर्यंत गोदामात. हंगाम टळला, खरेदीदाराने दर पाडून घेतला.

मला तो कायदा चुकीचा वाटतो का? नाही. कुणी कुंपणाआड डांबून कापूस वेचून घेत असेल तर तो कापूस नको, इतकं मलाही कळतं. पण अमेरिकेच्या संसदेत हात वर करणाऱ्यांचा खर्च शून्य होता आणि तो कायदा राबवायचा खर्च आमच्यासारख्यांच्या टेबलावर आला. हिशेबनीस, तुमच्या 'कुणाच्या खिशातून' मध्ये हा खिसा कुठल्याच पाहणीत येत नाही. आम्ही त्या देशाचे मतदार नाही.

हिशेबनीस

@टाकाधागा, हा कोन माझ्या डोक्यातच नव्हता. मी फक्त आपापल्या देशातल्या मतदारांचा विचार करत होतो.

निळी_शाई

त्याच्याही पुढचा खिसा आहे. कंबोडिया. विरोधी पक्ष बरखास्त केला, पत्रकारांना दाबलं म्हणून युरोपीय संघाने ऑगस्ट २०२० मध्ये काही व्यापार सवलती काढून घेतल्या. निर्यातीचा साधारण पाचवा हिस्सा, वर्षाला सुमारे एक अब्ज युरोचा. तिथले तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन हलले का? नाही. २०२३ च्या निवडणुकीत प्रमुख विरोधी पक्षाला उभंच राहू दिलं नाही आणि नंतर गादी मुलाकडे गेली. मात्र युरोपला जाणारे कपडे शिवणाऱ्या बहुतेक बायका. सवलत गेली की आधी ओव्हरटाइम जातो, मग पाळी, मग काम. राजवाड्यात कुणाचा ओव्हरटाइम जात नाही.

म्हणून मला सरसकट निर्बंधांपेक्षा माणसांवरचे निर्बंध बरे वाटतात. मॅग्निट्स्की कायद्यासारखे, ज्याने केलं त्याचं खातं गोठवा, त्याचा व्हिसा रोखा. लोकमतही अशांना सहज मिळतं.

शंकासुर

सहज मिळतं कारण त्यात आपला खर्च काही नसतो. फिरून गाडी हिशेबनीसांच्याच फलाटावर!

उतारू

जर्मनीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही अजून? मला वाटतं या विषयाचं सगळ्यात महागडं प्रकरण तेच.

'व्यापारातून परिवर्तन' हे तिथलं जुनं सूत्र. एगॉन बार यांनी १९६३ मध्ये टुट्झिंगच्या भाषणात 'जवळ येऊन बदल' अशी कल्पना मांडली. १९७० मध्ये पाइप द्या, गॅस घ्या असा करार सोव्हिएत संघाशी झाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात गॅस येत राहिला, मग बर्लिनची भिंत पडली, त्यामुळे सूत्र बरोबरच होतं असा सगळ्यांचा समज पक्का झाला. म्हणजे तिथे तत्त्व आणि धंदा यांचं भांडणच नव्हतं. धंदा हाच तत्त्वाचा रस्ता! यापेक्षा सोयीचं तत्त्वज्ञान कुणाला मिळणार? दोन्ही हातांत लाडू.

२०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळला. २०१५ मध्ये नॉर्ड स्ट्रीम २ या रशिया-जर्मनी गॅस पाइपलाइनचा करार झाला. पोलंड आणि बाल्टिक देश बोंबलत होते. २०२१ मध्ये जर्मनीच्या गॅस आयातीतला निम्म्याहून जास्त वाटा रशियाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू व्हायच्या दोन दिवस आधी चॅन्सेलर शोल्त्स यांनी ती तयार पाइपलाइन थांबवली. एक थेंब गॅस न वाहिलेली अब्जावधी युरोंची नळी समुद्राखाली पडून.

आता हिशेबनीसांच्या दाव्यासाठी उपयोगाचं सांगतो. त्यानंतर गॅस महाग झाला, पण जर्मन लोकमत बरंच टिकलं. का? सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये २०० अब्ज युरोंची छत्री उघडली, वीज-गॅसच्या दरांवर लगाम घातला. म्हणजे बिल प्रत्येकाच्या दारात जाण्याआधी सरकारने मधेच अडवलं. अर्थात ते पैसेही लोकांचेच, पण घरपोच आलेलं बिल आणि कर्जाच्या डोंगरात मिसळलेलं बिल यांचा राजकीय परिणाम वेगळा.

(अवांतर: मार्च २०२२ मध्ये त्यांचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री हाबेक गॅस मागायला गेले कुठे, तर कतारला. लोकशाहीच्या शोधात नक्कीच नव्हे.)

बोलघेवडा

चीनच्या बाबतीतही अमेरिकेचं हेच झालं ना? क्लिंटननी १९९३ मध्ये व्यापार सवलत मानवी हक्कांना जोडली आणि १९९४ मध्ये सोडली. मग २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत. श्रीमंत झाले की लोकशाही मागतील म्हणे. बसा वाट बघत.

काठावरचा

@बोलघेवडा, इतकं सरळ नाही ते. दक्षिण कोरियाने १९८७ मध्ये मागितली आणि मिळवली. तैवानमधला लष्करी कायदा त्याच वर्षी उठला. दोन्हीकडे मध्यमवर्ग व्यापारातून उभा राहिला होता. त्या दोन उदाहरणांवरूनच लोकांनी चीनचं गणित मांडलं. गणिताची पद्धत बरोबर, पण दोन उदाहरणांवर किती भार टाकायचा? शिवाय ते दोघे सुरक्षेसाठी अमेरिकेवर अवलंबून होते, चीन नव्हता.

आता लहान देशांचं बोलू. नॉर्वेने काही केलंसुद्धा नव्हतं, २०१० चं शांततेचं नोबेल तुरुंगातले चिनी लोकशाहीवादी लिऊ शियाबो यांना एका स्वतंत्र समितीने दिलं. चीनने सहा वर्षं नॉर्वे सरकारशी संबंध गोठवले, सामन मासळीची निर्यात आपटली. डिसेंबर २०१६ मध्ये समेट झाला तेव्हाच्या निवेदनात नॉर्वेने चीनच्या 'मूलभूत हितांना' बाधा आणणाऱ्या कृतींना पाठिंबा देणार नाही असं लिहून दिलं. जगातल्या सर्वांत सधन लोकशाह्यांपैकी एक. तेलाचा पैसा पोत्याने. ते वाकले तर इतरांनी काय करायचं?

लिथुआनियाने उलट केलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'तैवानी' या नावाने प्रतिनिधी कार्यालय उघडू दिलं. चीनच्या सीमाशुल्क यंत्रणेतून तो देशच जणू गायब झाला. चीनकडे निघालेली रमच्या वीस हजारांहून जास्त बाटल्यांची खेप तैवानच्या सरकारी मद्य कंपनीने विकत घेतली आणि रम कशी प्यावी, कशात घालावी याच्या सूचना तैवान सरकारने लोकांना दिल्या. ऐकायला गोड. पण जानेवारी २०२२ मध्ये तिथल्याच परराष्ट्र खात्याने करून घेतलेल्या पाहणीत या चीन धोरणाबद्दल बरं मत असणारे फक्त १३ टक्के, वाईट मत असणारे साठाच्या आसपास. राष्ट्राध्यक्षही म्हणाले, नाव द्यायला नको होतं.

शंकासुर

आणि हे सोव्हिएत जोखडाखालून स्वतः सुटलेले लोक. लोकशाहीची किंमत त्यांना शिकवायला नको.

निळी_शाई

पण त्याच लिथुआनियाने युक्रेनसाठी काय कमी सोसलं? एप्रिल २०२२ पासून स्वतःसाठी रशियन गॅस घेणं बंद केलं, युरोपीय संघात सर्वांत आधी. म्हणजे लोक किंमत मोजायला तयार नाहीत असं नाही. रशिया दारात आहे, तो धोका त्यांना हाडामांसात माहीत आहे. तैवान फार लांब. खर्चाइतकंच अंतरही बघायला हवं, आणि अंतर म्हणजे फक्त किलोमीटर नव्हेत.

जुनंखोड

अंतराचा मुद्दा बरोबर. आपल्याकडचंच बघा. श्रीलंकेतल्या तमिळांवरच्या अत्याचारांबद्दल मानवी हक्क परिषदेत २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेविरोधी ठरावांच्या बाजूने मत दिलं. एका देशाचं नाव घेऊन आणलेल्या अशा ठरावांना आपण सहसा हात लावत नाही. मग का दिलं? तमिळनाडू. २०१३ च्या मार्चमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होते, द्रमुक सरकारमधून बाहेर पडला. बाकीच्या देशात किती लोकांना त्या ठरावाचा पत्ता होता? एका राज्याच्या लोकमताने दिल्लीचं मत फिरवलं. २०१४ मध्ये मात्र तटस्थ.

'लोकमत' म्हणून आपण सरासरी काढतो. सरासरीला फारसं काही वाटत नसतं. ज्यांना फार वाटतं ते थोडे असतात, आणि धोरण तेच हलवतात. कारखानदार काय, विद्यार्थी काय.

टाकाधागा

रशियन तेलाचं कुणीतरी काढणार म्हणून वाट बघत होतो, कुणीच काढत नाही म्हणून मीच काढतो. युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, नंतर एक तृतीयांशाच्या वर. मला यात लाज वाटत नाही. जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने डिसेंबर २०२२ मध्ये पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली ती रशियन तेल बाजारात येत राहावं, फक्त पैसा कमी मिळावा म्हणूनच. ते तेल कुणीतरी घ्यायलाच हवं होतं.

हिशेबनीस

@टाकाधागा, तेल घेण्याबद्दल माझीही तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण या प्रश्नाला प्रश्नच मानला नाही याची. युरोपात दुटप्पी का होईना, वाद झाला. आपल्याकडे 'स्वस्त मिळतंय' म्हटल्यावर चर्चा संपली. आणि स्वस्ताईतला किती वाटा पंपापर्यंत पोचला, किती शुद्धीकरण कंपन्यांकडे आणि किती तिजोरीत राहिला, हेही फारसं कुणी विचारलं नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच तेलावरून २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं. ते कुणाच्या टेबलावर आलं हे तुम्हालाच जास्त माहीत.

टाकाधागा

माहीत आहे. फायदा तेलवाल्यांना, दंड कपडेवाल्यांना.

शंकासुर

बरं, मग पाहणीचा पूर्ण प्रश्न कसा असावा ते तरी सांगा. इथेच घेऊ.

हिशेबनीस

प्रयत्न करतो. 'एका देशातल्या सरकारने निवडणूक रद्द करून विरोधकांना तुरुंगात टाकलं आहे. तुमच्या देशाने त्याच्याकडून इंधन घेणं थांबवलं तर तुमचा इंधनखर्च दोन वर्षं दहा टक्क्यांनी वाढेल. तिथलं सरकार बदलेल याची खात्री नाही. थांबवावं का?'

बोलघेवडा

नाही. (खरं सांगितलं, मारू नका.)

निळी_शाई

हो. पण तिथल्या विरोधकांना स्वतःला ते हवं असेल तरच. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच निर्बंध मागत होती. हे तुमच्या प्रश्नात नाही.

जुनंखोड

तो देश शेजारी आहे का लांब, आणि आपण सोडलेलं इंधन कोण उचलणार, हे कळल्याशिवाय उत्तर देणार नाही.

काठावरचा

५०.७ टक्के हो.

टाकाधागा

दहा टक्के सगळ्यांना सारखेच का? ज्याचा निम्मा पगार इंधनात जातो त्यालाही दहा आणि ज्याला दर माहीतही नाही त्यालाही दहा? आधी ते लिहा, मग उत्तर देतो.

हिशेबनीस

लिहितो. थांबा जरा, प्रश्न आता पानभर होणार.